झुकलेल्या पापण्यांपाशी

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू लागलेला विद्यार्थी बहुधा डोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण माणसाची ओळख डोळ्यांतून पटते आणि डोळे साधले की चित्र साधले, असे त्याला आणि त्याचे चित्र पाहणाऱ्यांनाही वाटत असते. या समजुतीपायी बुबुळातला प्रकाशाचा ठिपका, पापण्यांचे केस आणि भुवयांची कमान यांवर सारे कष्ट खर्ची पडतात. ज्या कवटीच्या गोलाईत ते डोळे बसलेले असतात, ज्या मानेवर ते डोके तोललेले असते आणि ज्या प्रकाशामुळे हे सगळे दिसते, त्यांचा विचार मात्र मागे पडतो. ही सवय मोडण्यासाठी जुन्या धार्मिक चित्राची, त्यातही दृष्टी खाली वळवलेल्या चेहऱ्याची, अनुकृती करण्याइतका चांगला मार्ग क्वचितच सापडेल. अनुकृती म्हणजे मूळ चित्रासमोर, किंवा ते शक्य नसल्यास त्याच्या उत्तम छापील प्रतिमेसमोर बसून, त्याची रचना, त्यातील प्रकाशाच्या पायऱ्या आणि रंगांचे थर शक्य तितक्या निष्ठेने पुन्हा उभे करणे. अशा अभ्यासासाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘प्रार्थनामग्न कुमारी’ हे सासोफेर्रातोचे चित्र फार योग्य आहे.

जिओव्हान्नी बात्तिस्ता साल्व्ही या चित्रकाराचा जन्म इटलीच्या मार्के प्रांतातील सासोफेर्रातो या गावी 1609 साली झाला, गावाच्या नावानेच तो ओळखला गेला, आणि 1685 मध्ये रोममध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या काळातले रोम हे बर्निनीचे रोम होते. वस्त्रांच्या उसळत्या घड्या, वर उचललेले हात, आकाश फाडून येणारा प्रकाश अशा नाट्यमय शैलीला तेथे मान होता. सासोफेर्रातोने मात्र शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊन राफाएल आणि पेरुजिनो यांची शांत, समतोल चित्रे पुढे ठेवली, त्यांच्या अनुकृती केल्या आणि त्या अभ्यासातून आपली शैली घडवली. ती इतकी जुन्या वळणाची होती की पुढच्या काळातील काही लोकांना तो राफाएलच्याच पिढीतला वाटला. सुमारे 1640 ते 1650 या दशकात रंगवलेले ‘प्रार्थनामग्न कुमारी’ हे चित्र आकाराने लहान आहे. त्याची उंची 73 सेंटीमीटर आणि रुंदी सुमारे 58 सेंटीमीटर. जवळजवळ काळ्या पार्श्वभूमीवर ख्रिस्तमाता कुमारी मेरीची कमरेपर्यंतची आकृती आहे; मस्तक किंचित कललेले, डोळे खाली वळलेले, हात जोडलेले, अंगात तांबडे वस्त्र, त्यावर गडद निळे प्रावरण आणि डोक्यावर पांढरे शिरोवस्त्र. चित्रात यापलीकडे काही नाही. घरातील उपासनेसाठी अशा चित्रांना त्या काळी मोठी मागणी असल्याने सासोफेर्रातोने ही रचना पुन्हा पुन्हा रंगवली, आणि त्याच्यानंतर इतरांनीही तिच्या असंख्य प्रती केल्या. अनुकृतीतून घडलेल्या चित्रकाराचे, अनुकृतीतूनच जगभर पोहोचलेले हे चित्र आहे, आणि त्याच्यापुढे बसणारा विद्यार्थी नकळत त्याच परंपरेत सामील होतो.

या परंपरेत थोर चित्रकार मानाने वावरले आहेत. कारावाज्जोने सतराव्या शतकाच्या आरंभी रोममधील एका चर्चसाठी ख्रिस्ताचा देह थडग्यात ठेवतानाचे चित्र रंगवले, ते आता व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. रुबेन्सने त्याची अनुकृती केली आणि ती करताना काही आकृतींत बदलही केले, तर पुढे जेरिको आणि सेझान यांनीही त्याच चित्राकडे धाव घेतली. पॅरिसचे लूव्र 1793 मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले, तेव्हापासून तेथे चित्रकारांना भिंतीवरील चित्रांपुढे बसून काम करण्याची मुभा आहे. फसवणुकीला वाव राहू नये म्हणून अनुकृतीचा आकार मूळ चित्रापेक्षा वेगळा असावा लागतो आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवता येत नाही. व्हॅन गॉगने 1889 मध्ये, सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना, देलाक्र्वाच्या ‘पिएता’ची, म्हणजे मृत ख्रिस्ताला सावरणाऱ्या मातेच्या चित्राची, अनुकृती केली. त्याच्यापुढे मूळ चित्र नव्हते, रंग नसलेला एक शिळाछाप होता. त्यामुळे रचना देलाक्र्वाकडून घेऊन रंग त्याला स्वतःच्या मनातून उभे करावे लागले. एकाच क्रियेचे हेतू किती वेगवेगळे असू शकतात, हे या उदाहरणांतून दिसते. कोणी नाट्य समजून घेण्यासाठी नक्कल करतो, कोणी आपला रंग तपासून पाहण्यासाठी, आणि नवशिका विद्यार्थी प्रामुख्याने पाहायला शिकण्यासाठी.

धार्मिक प्रतिमेच्या बाबतीत अनुकृतीला आणखी एक अर्थ असतो. पवित्र मानलेली प्रतिमा प्रतींच्या रूपानेच प्रवास करते आणि तिच्या प्रतीलाही मूळ प्रतिमेचा मान मिळतो. रोममधील सांता मारिया माज्जोरे चर्चमधील मेरीच्या प्राचीन चित्राच्या प्रती जेझुइट पंथीयांनी आपल्या दूरदूरच्या केंद्रांकडे पाठवल्या. गोव्याहून निघालेले जेझुइट 1580 मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले, तेव्हा अशी चित्रे आणि युरोपीय छापचित्रे त्यांच्यासोबत होती. दरबारातील चित्रकारांनी त्यांच्या अनुकृती केल्या आणि चेहऱ्याला गोलाई देणारी सावली, वस्त्रांच्या घड्यांतील उजेड आणि अंधार यांचा अभ्यास या परक्या धर्माच्या चित्रांतून केला. त्यांना त्यासाठी धर्म बदलावा लागला नाही, पण त्या चित्रांकडे एकाग्रतेने पाहावे मात्र लागले. ही एकाग्रता धार्मिक चित्राच्या प्रत्येक अनुकृतीची पूर्वअट आहे.

व्यक्तिचित्राच्या विद्यार्थ्याने मात्र एखाद्या सरदाराचे वा सावकाराचे जुने व्यक्तिचित्र घेण्याऐवजी धार्मिक चित्र का घ्यावे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिले कारण असे की मेरीचा चेहरा कोणा एका ओळखीच्या व्यक्तीचा नाही, त्यामुळे साम्याचा जो धाक व्यक्तिचित्र रंगवणाऱ्याच्या मानगुटीवर बसलेला असतो, तो येथे उरत नाही. नाक थोडे लांब झाले तर चित्रातली व्यक्ती तक्रार करणार नाही; पण चेहऱ्यावरची शांतता ढळली तर चित्र लगेच कोसळेल. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण झुकलेल्या डोळ्यांत आहे. डोळे उघडे असले की त्यांतली चमक बाकीच्या उणिवा झाकते. येथे पापण्या खाली आल्या आहेत, बुबुळ दिसत नाही, प्रकाशाचा ठिपका ठेवायला जागाच नाही, आणि तरी चेहऱ्यावर उत्कट भाव आहे. तो भाव कशातून आला, याचा शोध घेताना विद्यार्थ्याला मस्तकाचा कल, कपाळावरची सावली, ओठांच्या कोपऱ्यातली मऊ कड, गालाचा उतार आणि जोडलेली बोटे या सगळ्यांकडे वळावे लागते. चेहरा म्हणजे अवयवांची बेरीज नसून एकाच प्रकाशात असलेला एकसंध घनाकार आहे, हे व्यक्तिचित्रणातले मूलभूत सत्य त्याला येथे टाळता येत नाही.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ रेखनाने होतो. मूळ प्रतिमेवर आणि कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकोन आखून एकेका चौकोनातील रेषा उतरवण्याची पद्धत जुनी आहे, आणि सासोफेर्रातोची अशी चौकोन आखलेली रेखाटने आजही पाहायला मिळतात. या पद्धतीने मोजमाप साधते, पण मोजमापाला आकलन समजणे धोक्याचे असते, कारण चौकोन भरत गेलेल्या हाताला मस्तकाचा आस कोणत्या दिशेला कलला आहे हे कळलेले असतेच असे नाही. म्हणून कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत जाणारी उभी रेषा, दोन्ही डोळ्यांमधून जाणारी आडवी रेषा आणि खांद्यांची रेषा आधी हलक्या हाताने आखून त्यांचे परस्परांशी असलेले कोन तपासावे लागतात. आडवी रेषा किंचित जरी चुकली, तरी प्रार्थनेतली नम्रता जाऊन तिथे थकवा किंवा लटकी लाज दिसू लागते. चित्र आरशात पाहिले की परिचयामुळे नजरेआड झालेला दोष उलट्या प्रतिमेत ठळक होतो, म्हणून चित्रशाळांत आरसा हे कुंचल्याइतकेच आवश्यक साधन मानले जाते.

रेखनानंतर येते ते एकरंगी अधोचित्रण, म्हणजे रंगांचा विचार बाजूला ठेवून, तपकिरी आणि पांढऱ्या रंगांत, संपूर्ण चित्रातील उजेड आणि अंधार बांधून काढणे. पांढऱ्या कॅनव्हासवर कोणतीही छटा प्रत्यक्षापेक्षा गडद भासते, म्हणून आधी त्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवून मधली पायरी तयार ठेवली जाते, आणि मग तिच्यापेक्षा उजळ काय व गडद काय हे ठरवत जाता येते. डोळे बारीक करून पाहिले तर सासोफेर्रातोच्या चित्रात मोजके मोठे आकारच उरतात: काळी पार्श्वभूमी, निळ्या प्रावरणाचा गडद डोलारा, शिरोवस्त्राचा पांढरा पट्टा, चेहऱ्याचा उजळ भाग आणि हातांचा उजळ भाग. या मोठ्या आकारांचे परस्परनाते बरोबर बसले की दूरवरून चित्र ओळखू येते, आणि ते चुकले तर नंतर कितीही बारकावे भरले तरी त्यांचा उपयोग होत नाही. रंगापूर्वी उजेडाचा हिशेब पुरा करण्याची ही शिस्त विद्यार्थ्याला पुढे जन्मभर पुरते.

तैलरंगाचे माध्यमही याच टप्प्यावर आपले नियम शिकवू लागते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, आणि म्हणून थर वाळायला दिवस लागतात. वरचा थर खालच्या थरापेक्षा लवकर वाळला तर पुढे चित्राला भेगा पडतात. हे टाळण्यासाठी खालचे थर कमी तेलाचे आणि टर्पेंटाइनने पातळ केलेले, तर वरचे थर अधिक तेलाचे ठेवावेत, असा नियम रूढ झाला. अंबर या तपकिरी मातीरंगात मँगनीज असते आणि त्यामुळे तेल लवकर वाळते, म्हणून अधोचित्रणासाठी तो सोयीचा ठरतो. थर वाळण्याची वाट पाहताना विद्यार्थ्याला चित्राकडे काही न करता पाहण्याची सवय लागते, आणि ही सवय कुंचला चालवण्याच्या कौशल्याइतकीच मोलाची आहे.

त्वचेचा रंग हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा भ्रमाचा विषय असतो, कारण त्यांना त्यासाठी एखादे ठरलेले मिश्रण हवे असते. मेरीच्या गालाकडे पाहिले की असे मिश्रण अस्तित्वातच नाही हे कळते. उजेडातला भाग फिकट पिवळसर गुलाबी आहे, उजेड सावलीकडे वळतो तेथे छटा किंचित थंड आणि राखाडी होते, आणि सावलीत शिरल्यावर ती पुन्हा उबदार तपकिरी होते. चित्रकलेच्या परिभाषेत तांबड्या-पिवळ्या अंगाच्या छटांना उष्ण आणि निळ्या-राखाडी अंगाच्या छटांना शीत म्हणतात. या दोहोंच्या आलटून पालटून येण्यानेच त्वचा जिवंत भासते. जुने चित्रकार शिशापासून केलेला पांढरा रंग वापरत, जो किंचित उबदार आणि अर्धपारदर्शक असतो. तो विषारी असल्याने आजचे विद्यार्थी बहुधा टायटॅनियमचा पांढरा रंग घेतात, पण तो अधिक प्रखर आणि अपारदर्शक असल्यामुळे जरा जास्त पडला की गाल खडूसारखा कोरडा दिसतो. म्हणून उजळपणा आणण्यासाठी पांढऱ्याचा आधार कमीत कमी घेऊन, शेजारची छटा किंचित गडद करून उजेड निर्माण करण्याची कला येथे आत्मसात करावी लागते.

या चित्रातला सर्वांत सूक्ष्म धडा शिरोवस्त्राच्या सावलीत आहे. कपाळावर पडलेली ती सावली अंधारी नाही, कारण शुभ्र वस्त्रावरून परावर्तित झालेला उजेड तिच्यात शिरला आहे, आणि त्यामुळे पापण्या त्या अर्धप्रकाशात अलगद विसावतात. तेथे रेषा शोधू गेल्यास रेषा सापडत नाही. एक छटा दुसरीत केव्हा विरघळली हे सांगता येत नाही. अशा कडांना हरवलेल्या कडा म्हणतात, आणि त्या मिळवण्यासाठी रंग ओला असतानाच कोरड्या मऊ कुंचल्याने दोन छटांची सीमा हळुवार पुसट करावी लागते. सर्वच कडा पुसट केल्या तर चेहरा धुक्यात बुडतो, आणि सर्वच ठेवल्या तर तो कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कोठे ठाम राहायचे आणि कोठे सोडून द्यायचे, याचा विवेक सासोफेर्रातोने कसा केला आहे, ते इंचाइंचाने पडताळताना विद्यार्थी एका प्रौढ बुद्धीच्या सहवासात असतो. शाळकरी मुलाने कित्ता गिरवावा तसे हे काम नाही, कारण कित्त्यात अक्षराचे वळण तयार मिळते, तर येथे प्रत्येक वळणामागचा निर्णय शोधून काढावा लागतो.

चित्रातील निळ्या रंगालाही स्वतःचा इतिहास आहे. मेरीच्या प्रावरणासाठी परंपरेने वापरला जाणारा अल्ट्रामरीन हा निळा रंग लाजवर्द या दगडापासून बनत असे, आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपात जात असे. दगड नुसता कुटला तर भुकटी राखाडी होते. चेन्निनो चेन्निनीने आपल्या चित्रविषयक ग्रंथात वर्णिल्याप्रमाणे ती भुकटी मेण, राळ आणि डिंक यांच्या गोळ्यात मळून, मग क्षारयुक्त पाण्यात पिळून तिच्यातले शुद्ध निळे कण वेगळे करावे लागत. एवढ्या दुरून आलेला आणि एवढ्या कष्टाने मिळणारा हा रंग अतिशय महाग होता, आणि तो मेरीच्या अंगावर घालणे हे भक्तीचेच एक रूप मानले जाई. फ्रान्समध्ये गिमे याने 1820 च्या दशकात त्याचा कृत्रिम पर्याय शोधल्यावर हा रंग सर्वांच्या आवाक्यात आला. विद्यार्थ्याला आज तो नळीतून सहज मिळतो, पण चित्रातले त्याचे कार्य बदललेले नाही. त्या विस्तीर्ण शीत निळ्याच्या शेजारी चेहऱ्याची माफक ऊबही उजळून येते. ज्या गालाचा रंग पॅलेटवर फिका वाटला होता, तोच निळे प्रावरण रंगवून झाल्यावर रसरशीत दिसू लागतो. एखाद्या छटेचे मूल्य तिच्या शेजारणींवर अवलंबून असते, हे पुस्तकात वाचून पटत नाही; ते असे डोळ्यांदेखत घडावे लागते.

धार्मिक चित्राच्या अनुकृतीतून शिकण्याच्या या विचाराला महाराष्ट्रातही एक मोठा आधार आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अनुकृती कॅनव्हासवर तैलरंगात करून घेतल्या. त्या कामात पेस्तनजी बोमनजी हे तरुण पारशी चित्रकार होते, आणि पुढे तेच तैलरंगातील व्यक्तिचित्रांसाठी नावाजले गेले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला या योगायोगाचा अर्थ उलगडेल: तेथेही मस्तक कललेले आहे, पापण्या झुकलेल्या आहेत, आणि करुणेचा सारा भार डोळ्यांच्या चमकेवर न ठेवता मान, खांदा आणि कमळ धरलेला हात यांच्या लयीवर ठेवलेला आहे. लंडनला पाठवलेल्या त्या अनुकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या आगीत नष्ट झाल्या, आणि कलेच्या इतिहासाचे ते मोठे नुकसान आहे. पण लेण्यांच्या अपुऱ्या उजेडात वर्षानुवर्षे त्या चेहऱ्यांकडे पाहताना त्या तरुणांच्या नजरेला जी शिस्त लागली, ती त्यांच्यासोबत मुंबईला परतली. पारशी घरात वाढलेला चित्रकार बोधिसत्त्वाचा चेहरा अभ्यासतो, मराठी विद्यार्थी मेरीचा चेहरा अभ्यासतो, आणि मुघल चित्रकार ख्रिस्ती चित्रापुढे बसतो, या सर्वांत परक्या श्रद्धेविषयीचा आदर हा केवळ सौजन्याचा भाग नसून शिक्षणाचा भाग आहे. ज्या चेहऱ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसे नतमस्तक झाली, त्याच्याकडे उथळपणे पाहणाऱ्याला त्याची रचनाही नीट दिसत नाही.

अनुकृतीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. मूळ चित्रकाराने समोरच्या घनरूप जगातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवले, पण विद्यार्थ्याच्या वाट्याला ती निवड झाल्यानंतरचे सपाट चित्र येते. त्यामुळे श्वास घेणाऱ्या, हलणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाला चौकटीत कसे बसवावे, हे अनुकृती शिकवू शकत नाही. छापील प्रतिमेत रंग बदललेले असतात, जुन्या चित्रावरचे वॉर्निश पिवळे पडलेले असू शकते, आणि काळाने आणलेली ती पिवळी छटा चित्रकाराचाच हेतू समजून नक्कल करणे ही सहज घडणारी गोष्ट आहे. शिवाय एकाच गुरूच्या सावलीत फार काळ राहिलेला हात त्याचीच लकब आपली मानू लागतो. म्हणून अनुकृती पुरी झाली की जिवंत व्यक्ती समोर बसवून काम करणे, आणि तेथे अडल्यावर पुन्हा जुन्या चित्राकडे जाणे, अशी ये-जा चालू ठेवणे हितकारक असते.

या ये-जा करण्यातच सर्व परिश्रमांचे फळ आहे. मेरीच्या झुकलेल्या पापण्यांपाशी दीर्घ काळ बसलेला विद्यार्थी जेव्हा एखाद्या शेजाऱ्याला, वृद्ध आजीला किंवा दिवसभराच्या श्रमाने दमलेल्या कामगाराला समोर बसवतो, तेव्हा तो डोळ्यांकडे धावत नाही. मान कोठे कलली आहे, सावलीत किती उजेड शिरला आहे, हात काय सांगत आहेत, हे तो आधी पाहतो. उपासनेसाठी घडवलेल्या चेहऱ्याला जेवढी एकाग्रता आणि जेवढा आदर दिला, तेवढाच सामान्य माणसाच्या चेहऱ्याला देण्याची सवय त्याला लागलेली असते. व्यक्तिचित्रण ही मुळात माणसाची कदर करण्याची कला आहे, आणि ती कदर शिकवण्याचे सामर्थ्य जुन्या धार्मिक चित्रांत आजही शाबूत असल्यामुळे कलाशिक्षणात त्यांच्या अनुकृतीला मानाचे स्थान मिळाले पाहिजे.